घरगाडीची हलिमामावशी

लग्नानंतरच्या पहिल्याच फिरतीत मी सरकारी गाडी ओढ्यात पाडली. मी ती हाकत नव्हते, तिच्यात बसलेही नव्हते. पलीकडच्या काठावर उभी राहून, पदर कसा घेतला म्हणजे आपण साहेबांची बायको दिसू, याचा विचार करत होते. तरीही गाडी पाडली मीच.

झालं असं की, माझ्या आईनं कुरुंदवाडहून काळ्या दगडाचा पाटा आणि वरवंटा पाठवला होता. तो फिरतीवर न्यायचा मी हट्टच धरला. शाहूवाडीकडं डोंगरात राहणारी माणसं चटणी वाटत असतील की नाही, याची मला रास्त शंका होती. तेव्हा मला वाटायचं, चांगला मसाला कोल्हापूरच्या वेशीपाशी संपतो आणि पुढं नुसतं रान. गाडी भरणाऱ्या हलिमामावशीनं पाट्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "ह्यो धोंडा गाडीत न्हाय." मी मान डोलावली. ती बैलांना पाणी दाखवायला वळली, तसा मी पाटा पोटाशी धरून उचलला, डाव्या अंगाच्या फळीखाली सरकवला, वर वरवंटा ठेवला आणि त्यावर माझी गोधडी अंथरली. कमरेत उसण भरली, पण चेहरा अगदी सोज्वळ ठेवला.

ओढ्यात उतरताना डावं चाक खळग्यात गेलं. चाक खळग्यात जायचंच, ओढाच तो. पण गाडी परत सरळ व्हायच्या ऐवजी तशीच कलत राहिली आणि म्हातारी बाई गुडघ्यावर हात ठेवून बसते तशी हळूच पाण्यात बसली. शाळांना वाटायच्या पुस्तकांचे गठ्ठे वाहिले, पोरांच्या लिहायच्या पाट्या फुटल्या, आमच्या ह्यांचा फेटा तरंगत खाली गेला. सामान बाहेर काढताना वरवंटा गोधडीतून निसटला आणि घरंगळत जाऊन खात्याच्या नाना कारकुनांच्या पायाशी थांबला. त्याला दुसरी जागा सापडली नाही.

नानांनी वरवंट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बोलले मात्र हलिमामावशीला. "गाडीत काय भरलंय ते गाडी भरणाऱ्यानं बघायला नको?"

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, "बरुबर हाय. गाडी माझी हाय. म्या बघाय पायजे हुतं."

मी काठावर उभी होते. त्या एका वाक्यात तिचं काय काय बुडालं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते आधी सांगते. महाराजांची राजवट होती, खेडोपाडी शाळा निघत होत्या आणि त्या तपासायला आमचे हे पाऊसकाळ सोडून वर्षभर फिरतीवर असत. त्यांना खात्यानं एक घरगाडी दिली होती. शिकारीच्या मुक्कामासाठी कुणीतरी हौसेनं बनवून घेतलेलं दोन चाकांवरचं लाकडी घर होतं ते. आत दोन्ही अंगांना झोपायच्या फळ्या, मधे उभं राहण्यापुरती जागा, वर पत्र्याचं छप्पर, मागं दार. ती चालताना इतकी हेलकावे खायची की शिकारीच्या लोकांनी नाद सोडला आणि ती शाळांच्या वाट्याला आली. इब्राहिममामानं मात्र ती बरीच वर्षं बिनतक्रार हाकली. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांची बायको, म्हणजे हलिमामावशी, बैल घेऊन खात्याच्या दारात उभी राहिली. "मालक दिसंना झालंत. मी हाकतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'मी आलो, मी गेलो'. पण तिचा तो 'हाकतो' ऐकून नाना कारकून म्हणे खुर्चीतून उठले होते. बाईमाणूस सरकारी गाडी हाकणार, हे त्यांना पटेना. शेवटी आमच्या ह्यांनी शब्द टाकला, तेव्हा मोठ्या साहेबांनी उन्हाळा संपेपर्यंत बघू म्हटलं. तोवर काही बिघाड झाला नाही तर काम कायमचं तिचं. झाला, तर बैल विकायचे आणि आंधळ्या नवऱ्याचा हात धरून जावयाच्या दारात राहायला जायचं. तिला जावई आवडत नव्हता. "चांगला हाय," म्हणायची, "पर लई चांगला हाय. असल्या मानसाच्या घरात पानी मागायची बी लाज वाटती."

असा सगळा जुगार होता, आणि पहिल्याच महिन्यात मी त्यात वरवंटा घातला. ह्यांनी ओढ्याची गोष्ट कागदावर येऊ दिली नाही, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

ओढ्यातून गाडी वर आल्यावर मला वाटलं, आता ती पाटा फेकून देणार, नाहीतर मला. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. पाटा स्वतः उचलून आत नेला आणि दोन्ही चाकांना जोडणारा आस जिथं खालून जातो, बरोबर त्याच्या वर, मधोमध ठेवला. "ह्येची जागा ही. काय बी जड आसंल त्ये हितं, खाली, मदी. हलकं वर. दोनी अंगं सारखी. समजलं काय, वैनीसाब?" मला ती रागात असली की वैनीसाब म्हणायची आणि बरी असली की पोरी. तो सबंध आठवडा मी वैनीसाब होते. रोज संध्याकाळी तिनं माझ्याकडून त्याच पाट्यावर चटणी वाटून घेतली आणि "मीठ कमी हाय" म्हणत दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली.

ती दिसायला कशी होती, तर आडवी. उंची बेताची, खांदे पैलवानाचे, आवाज बाजार भरल्यावर ऐकू जाईल असा. दात मिश्रीनं काळे. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंड कधी थांबायचं नाही. वय विचारलं की दर वेळी वेगळं सांगायची. एकदा तिच्या हिशेबानं ती तिच्या लेकीपेक्षा लहान निघाली, तेव्हा मी ते दाखवून दिलं. "मग लेक म्हातारी झाली आसंल, मी काय करू," म्हणाली.

गाडी भरणं हे तिचं काम नव्हतं, तिची पूजा होती. प्रत्येक वस्तू आधी दोन्ही हातांत घेऊन जोखायची, मग डोळे बारीक करून जागा ठरवायची. पुस्तकांच्या पेट्यांसमोर धान्याची पोती, तांदळाच्या डब्यासमोर ह्यांची कागदपत्रं. सगळं भरून झालं की आतल्या फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायची आणि बाहेर उभी राहून बघायची, पाणी कोणत्या कडेनं सांडतंय. जरा एका कडेनं ओघळलं की परत सगळं खाली. ह्यांना शाळेत पोचायची घाई असायची. ते घड्याळ काढून उभे राहत, आणि ती घड्याळाकडं कधी बघायची नाही.

मग कोसभर गेलं की गाडी थांबवायची. खाली उतरून आधी एका चाकाच्या तुंब्याला, जिथं आस चाकात शिरतो तिथं, हाताची मागची बाजू लावायची, मग दुसऱ्या चाकाला. आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तशी. "डाव्याला कणकण हाय," म्हणायची, म्हणजे डाव्या अंगावर भार जास्त पडतोय. लगेच माझी ट्रंक उजवीकडं. शेवटी जू जरासं उचलून बघायची. बैलाच्या मानेवर भार नको, पण अगदीच नसला तरी पंचाईत. मागं भार झाला तर गाडी उलाळ होते, पुढचं टोक वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं फार झाला तर गाडी धुरजड, मग बैल मान खाली घालून कण्हत चालतात.

माणसांचेही तिनं हेच दोन भाग केले होते. स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगणारा तो उलाळ, आणि दुसऱ्याच्या मानेवर बसणारा तो धुरजड. गावोगावचे पाटील, मास्तर, वाणी, सगळ्यांना ती एका नजरेत जोखायची आणि माझ्या कानात सांगायची. नाना कारकून तट्टावरून मागनं येत, ते धुरजड. आमचे हे बरे होते, पण "एका अंगाला जरा कलत्यात," म्हणाली. "कोणत्या?" म्हटलं. "तुज्या," म्हणाली. मी लाजले. खरं सांगायचं तर मी तेव्हा कशालाही लाजत असे. लाजणं हाच माझा मुख्य उद्योग होता.

बैलांची नावं मामलेदार आणि फौजदार. ही नावं इब्राहिममामानं ठेवली म्हणायची, पण मला तिचाच संशय होता. एका गावच्या वेशीत मामलेदार अडून बसला, तशी तिनं सुरुवात केली. "ऊठ की, मामलेदारा. खाऊन खाऊन फुगलाईस नुस्ता. त्यो फौजदार बघ, मुकाट चालतोय, त्येला बी तुज्यागत माज न्हाय." झाडाखाली गावकरी बसले होते, आणि त्यांच्यात खरेखुरे फौजदार पान लावत बसले होते. पानाचा हात तसाच थांबला. आमच्या ह्यांनी तपासायच्या कागदात तोंड घातलं. मावशीनं वळून बघितलं, बिल्ला बघितला आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "पावणं, तुमचं नाव चांगल्या बैलाला दिलंय. वाईट वाटून घिऊ नगासा." फौजदार हसले. हसले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. ती करत नसे.

एकदा आमचं नवराबायकोचं भांडण झालं. कारण सांगण्यासारखं नाही; सांगितलं तर तुम्ही ह्यांच्या बाजूनं व्हाल. मी रुसून डाव्या फळीच्या टोकाला जाऊन बसले, तर हेही माझ्याच फळीवर माझी समजूत काढायला. गाडी हलेना. मावशी समोर येऊन उभी राहिली. "एका अंगाला दोगं न्हाय चालनार."

"मी नाही हलणार," मी म्हटलं.

"मग सायेब, तुमी उजवीकडं बसा. आन् वैनीसाब, रुसायचं तर मदोमद बसून रुसा. माज्या बैलानी तुमचं काय वाकडं केलंय?"

मी मधोमध, पाट्याशेजारी बसून रुसले. तिथं फार वेळ रुसता येत नाही, दोन्हीकडचं ऐकू येतं.

असा उन्हाळा सरत आला. ओढ्यानंतर एकही बिघाड झाला नव्हता. शेवटचा मुक्काम उचगावच्या पलीकडच्या एका गावात होता आणि तिथून कोल्हापूर म्हणजे सरळ सपाट रस्ता. उचगाव हेच मावशीचं गाव. तिथून गाडी मिरवत न्यायची, म्हणून तिनं बैलांच्या शिंगांना रंग आणून ठेवला होता. आणि नेमका फौजदार लंगडायला लागला. खूर सुजला, पाय टेकवेना. शेजारच्या गावात जोडीचा बैल मिळाला नाही. पेरणीच्या आधी कोण देतो बैल.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब मोटार घेऊन आले. मोटार तेव्हा कोल्हापुरातही वळून बघावी अशी वस्तू होती. खेड्यात तर तिच्यामागं गाव धावलं. नाना कारकुनांनी सगळा पाढा वाचला. ओढा, फुटलेल्या पाट्या, आता बैल. "साहेब, गाडी इथं अडकून पडली. मी आधीच म्हटलं होतं." साहेब वाईट नव्हते. ते मावशीला म्हणाले, "बाई, उद्या कचेरीत गाडी हजर पाहिजे. कशी आणणार?"

ती मोटारीभोवती फिरून आली. मागच्या लोखंडी पट्टीला हात लावून बघितला. "ही वडंल की," म्हणाली.

साहेबांना गंमत वाटली. बैल गावातच ठेवले, जू काढलं, गाडीच्या धुरेचं, म्हणजे पुढच्या लांब दांड्याचं, टोक त्या पट्टीवर टेकवून साखळीनं आवळलं. मावशीनं नेहमीसारखी गाडी भरली, तांब्या ठेवला, पाणी कुठंच सांडलं नाही. साहेब मला म्हणाले, "सूनबाई, तुम्ही मोटारीत बसा." ऐका, मी पळत आत गेले आणि नथ घालून आले. मोटारीतून कोल्हापुरात शिरायचं, तेही दिवसाउजेडी, आणि शेजारच्या काकू दारात असतील अशा वेळी. सगळा बेत मी क्षणात केला.

निघालो. आधी बैलाच्या चालीनं, तेव्हा ठीक चाललं. मग ड्रायव्हरनं वेग जरा वाढवला आणि मागं काहीतरी व्हायला लागलं. मी वळून बघितलं तर घरगाडी कुत्र्याच्या शेपटीसारखी हलत होती. डावीकडं, उजवीकडं, आणि दर झोक्याला आधीपेक्षा जास्त. मोटारीची मागची बाजूसुद्धा तिच्याबरोबर खेचली जायला लागली. मी नथ घट्ट धरली, जणू पडलीच तर तेवढी वाचवायची होती. ड्रायव्हरनं हळूहळू वेग कमी करून मोटार थांबवली आणि खाली उतरून कपाळ पुसलं.

"आता सोडा इथंच," नाना म्हणाले.

मावशी मागून चालत येत होती. तिनं नानांकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. ती रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसली. एकदा गाडीकडं बघायची, एकदा मोटारीकडं. मग मोटारीच्या मागच्या पट्टीला धरून तिनं धुरेचं टोक वर उचलून बघितलं. अलगद उचललं गेलं.

"ह्येच चुकलं," ती म्हणाली. आवाज हळू होता. "म्या गाडी बैलासाठी भरली. बैलाच्या मानंची काळजी घेतली. पर मोटारीला मान कुटं हाय? तिच्यावर भार टाकायचा. टोक हलकं ऱ्हायलं म्हनून गांड हलाय लागली तिची." हा शेवटचा शब्द साहेबांसमोर. साहेब खाली बघून मिशीला हात लावत राहिले.

परत सगळं उतरवलं. या वेळी पेट्या आसाच्या जराशा पुढं, दोन्ही अंगांना सारख्या. पाटा तसाच मधे पुढं सरकवला. मागच्या दाराजवळ फक्त अंथरुणं. डाव्या अंगाला पुढं पुस्तकांची मोठी पेटी बसली, पण तिच्या समोर उजवीकडं ठेवायला तेवढ्या वजनाचं काही उरलं नव्हतं. फिरतीच्या शेवटी धान्याची पोती रिकामी झाली होती. मावशीनं आजूबाजूला बघितलं. "नाना, तुमी बसता काय आत?"

"मी? त्या पाळण्यात?" नाना म्हणाले आणि आपल्या तट्टाजवळ जाऊन उभे राहिले.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. मोटारीच्या गादीवर मी नथ घालून बसले होते. तिनं मला हुकूम केला नाही. वैनीसाब म्हणाली नाही, पोरी पण म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "बसशील?"

इथं मी मोठ्या मनानं उडी मारून उतरले, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग मोटारीच्या गादीकडं, मग रस्त्यावरच्या पोरांकडं. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग उतरले. गाडीत उजव्या अंगाला पुढं, पेटीच्या बरोबर समोर बसले. मावशीनं मला दोनदा बोटभर सरकवलं. "आजून जरा. हां. आता हलू नगंस. शिंकू बी नगंस."

मोटार निघाली. बैलाच्या चालीनं, मग घोड्याच्या. मी श्वास धरून बसले होते. गाडी खडखडत होती, पण डुलत नव्हती. आत ठेवलेला तांब्या हिंदकळला, पण ना या कडेनं सांडला, ना त्या. मावशी आता ड्रायव्हरशेजारी, माझ्या जागेवर बसली होती आणि पूर्ण वळून मागं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलेली बाई, आणि तिनं समोरचा रस्ता बघितलाच नाही.

उचगावात सगळं गाव रस्त्यावर होतं. कुणीतरी इब्राहिममामांना हाताला धरून कडेला आणून उभं केलं होतं. मोटार थांबली तसे ते म्हणाले, "कोन हाकतंय?"

"कोन बी न्हाय," मावशी म्हणाली. "मोटार वडतीय. भरली म्या."

त्यांनी मान तिरकी केली. मग म्हणाले, "लांबनं आवाज आईकला. दोन चाकं हायत असं वाटंना. एकच वाटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल बाबा, सायबाला उशीर हुतोय." साहेब तिच्या मागंच बसले होते.

कचेरीच्या आवारात गाडी सरळ उभी राहिली. साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चाकाच्या तुंब्याला हात लावला. मावशीला लावताना बघितलं असणार त्यांनी. नंतर नानांना म्हणाले, "पुढच्या हंगामालाही हीच. आणि बैल बरा होईपर्यंत खात्यातून बैल द्या." नाना 'जी' म्हणाले. काकू दारात नव्हत्या, म्हणजे मोटारीतून आले असते तरी व्यर्थच गेलं असतं. ही माझी त्या दिवशीची समजूत.

पावसाळा गेला. मला दिवस गेले, आणि सासूबाईंनी फिरतीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. निघायच्या सकाळी मावशी घरगाडी घेऊन आमच्या दारावरून गेली, शाहूवाडीच्या वाटेनं. फौजदार बरा झाला होता, शिंगं रंगवलेली. मी उंबऱ्यात उभी होते, रडवेली, आणि आत माझ्या जागी कोण बसलंय ते बघायला मान लांब करत होते. नंतर ह्यांना कचेरीतच काम मिळालं आणि आमच्या फिरत्या संपल्या, त्यामुळं गाडीवर बसलेली मावशी मी बघितली ती तेवढीच. तिनं बैल थांबवले, वरून माझ्या पोटाकडं नीट बघितलं, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, आणि म्हणाली:

"तुज्या जागंवर तांदळाचं पोतं ठिवलंय, पोरी. वजन जमलंय, पर त्ये काय बोलत न्हाय. बाळाला घिऊन ये, मी गाडी पुन्यांदा पयल्यापास्नं भरतो."